खिशातलं आणि पट्ट्यावरचं

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संतोषने माझ्या टेबलावर प्लास्टिकची एक पिशवी ठेवली. आत पांढऱ्या वायरचे दोन तुकडे होते.

"वहिनी, ही तुटलेली नाही. कापलेली आहे," तो म्हणाला.

मी आनंदी आगाशे. आमचा लिफ्टच्या देखभालीचा धंदा आहे. वारज्यात खाली ऑफिस आणि वर घर, म्हणजे धंद्यातून सुटका म्हणून कधी नाही. हिशेब, फोन आणि लोकांची बोलणी हे माझं खातं. लिफ्ट हे आमच्या ह्यांचं, म्हणजे गोपाळकृष्ण यांचं. हाताखाली तीन तंत्रज्ञ: संतोष, सलोनी आणि चेतन.

वायर होती कर्वेनगरच्या एका जुन्या सोसायटीतली. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की आतलं बटण दाबायचं आणि खाली वॉचमनच्या खोलीत बॅटरीवरची घंटा वाजते. दसऱ्याच्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या सुंदराबाई शेजाऱ्यांना सोनं द्यायला म्हणून निघालेल्या आणि मधेच अडकल्या. मोबाईल घरी राहिला होता. त्या बटण दाबत राहिल्या, हाका मारत राहिल्या. बाहेर रस्त्यावर मिरवणुकीचे ताशे चालू, ऐकणार कोण? मुलगी बँकेतून घरी आली आणि आई कुठे दिसेना तेव्हा शोधाशोध झाली. दार उघडलं तेव्हा बाई बेशुद्ध होत्या.

घंटा वाजलीच नव्हती. घंटेच्या पेटीत, झाकणाच्या आड, वायर कापलेली होती.

सुंदराबाई दवाखान्यातून घरी आल्या, पण लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नव्हत्या आणि चार जिने उतरणं गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणजे बाई घरातच कोंडल्या गेल्या. त्यांची मुलगी प्रियदर्शनी आमच्या ऑफिसात आली, खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. सोमवारपर्यंत वायर कापणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर मी पोलिसांत तक्रार करते, इतकंच शांतपणे म्हणाली. तिच्या मागोमाग आलेले सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवास यांनी त्यात भर घातली की नाव शोधायला कशाला हवं, त्या लिफ्टला शेवटचा हात तुमच्या चेतनचाच लागला होता.

चेतन तेव्हा दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कॅलेंडरकडे पाहत होते.

२

चेतनला नुकतीच सरकारी नोकरी लागली होती. कनिष्ठ अभियंता. निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. आता तक्रारीत त्याचं नाव आलं असतं तर सगळंच संपलं असतं. त्याचे वडील तर आम्हाला पेढे देऊन गेले होते.

चेतन म्हणत होता की नवमीच्या आधी त्याने घंटा वाजवून पाहिली होती आणि ती चांगली वाजत होती. मग आमच्याकडची पूजा उरकल्यावर तो आई-वडिलांबरोबर नागपूरला गेला. दसरा म्हणजे त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, दीक्षाभूमीला ते दरवर्षी जातात. परत आला तो ह्या गोंधळातच. पण नवमीआधी त्याने घंटा वाजवली याला साक्षीदार कोण? कोणी नाही.

आणि मग निघाला मल्टिटूलचा विषय. खरं तर घरात गेले चार महिने दुसरा विषयच नव्हता.

आमच्या ह्यांना निर्णय घेता येत नाही. भाजीला गेले तर मंडईला दोन फेऱ्या मारून रिकाम्या पिशवीने परत येणारा माणूस. ह्यांनी ठरवलं की सगळ्यांना एकसारखं मल्टिटूल द्यायचं, एकाच दांड्यात दहा अवजारं. पण कुठलं? एक मोठं होतं: उघडलं की मधोमध पक्कड, तिच्यात तार कापायची धार, वजनदार, पट्ट्याला म्यान लावून वागवायचं. दुसरं लहान: चाकू, स्क्रू-ड्रायव्हर आणि बारीक कात्री, पक्कड नाही, पण खिशात टाकलं की विसरून जावं. मोठं कामाला चांगलं, लहान सोबत ठेवायला चांगलं. शेवटी ह्यांनी दोन्हींची दोन-दोन आणली. मोठं स्वतःला आणि संतोषला, लहान सलोनीला आणि चेतनला. वापरून पाहा आणि मला सांगा.

त्यांनी सांगितलं. ह्यांचं "बघू" काही संपलं नाही. जेवताना वजनाची चर्चा, झोपताना गंजाची. शेवटी मी म्हटलं होतं, मला खवणी निवडायला कधी इतका वेळ लागला नाही.

आणि गंमत म्हणजे, संतोषने पिशवी आणली त्याच सकाळी हे चहा पिता पिता म्हणाले, "पक्कडवालंच घेऊन टाकू सगळ्यांना. त्या लहानाची कात्री वायरीत अडकते." मी मनात म्हटलं, चला, देव पावला.

तर संतोषने ते वायरचे तुकडे उजेडात धरून मला दाखवले. पक्कडीने तार तोडली की दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखी होते. ही तशी नव्हती. तिरकी, एकीकडून दाबत नेल्यासारखी, आणि मधे अडखळून पुन्हा कापलेली. कात्रीचं काम. त्याला ते सांगावंसं वाटत नव्हतं, पण सांगणं भाग होतं. म्हणजे लहान मल्टिटूल. म्हणजे सलोनी किंवा चेतन.

सलोनीचं तर नवमीपासून ऑफिसात कुलपात होतं, पूजेत. चेतनचं त्याच्या खिशात होतं.

मी पद्मजाताईंना फोन लावला.

३

पद्मजाताई ह्यांची आतेबहीण. उभी हयात विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली. गोदामाला आग लागली की मालकाच्या आधी ह्या हजर. आता निवृत्त आहेत, पण माणसाकडे बघण्याची सवय गेलेली नाही. समोरचा बोलत असतो तेव्हा त्या त्याच्या बुटांकडे बघत असतात.

"गोपाळ काय म्हणतो?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते म्हणतात बघू.

त्यांनी एकेकाला वर घरात, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. पहिली सलोनी. ती घाबरलेली होती आणि घाबरली की तिचं मराठी निम्मं होतं. "मॅम, आय स्वेअर, माझं टूल पूजेत होतं. नवमीला सकाळी ठेवलं, दसऱ्याच्या नेक्स्ट डे उचललं. मधे टच पण नाही केलं. करायचं नसतं ना." आमच्याकडे खंडेनवमीला सगळी अवजारं टेबलावर मांडतात, हळद-कुंकू, झेंडू, नैवेद्य. मग ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाहीत. ऑफिसला कुलूप. हे पूजेला इतके काटेकोर की मल्टिटूलचं प्रत्येक पातं उघडून कुंकू लावलं होतं, कात्रीलासुद्धा.

मग संतोष. त्याला मुळात कोणाचं वाईट बोलायचंच नव्हतं. पण जाता जाता एक वाक्य त्याच्या तोंडून निसटलं: चेतनने पूजेला हत्यार ठेवलं नाही ना, लोक त्यावरून काहीबाही बोलतायत. ताईंनी विचारलं, कोण लोक? तो चप्पल घालायला वाकला. मला त्या क्षणी त्याचा राग आला आणि माझाही आला, कारण सोसायटीतल्या कोणीतरी हे फोनवर म्हटलं तेव्हा मीही फक्त "हं" म्हटलं होतं.

चेतन आला तो बस म्हटल्याशिवाय बसला नाही. त्याने आपलं मल्टिटूल टेबलावर ठेवलं. पूजेत का नव्हतं, ताईंनी सरळ विचारलं.

"आमच्यात नाही करत ताई. साहेबांना पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, ते म्हणाले काही हरकत नाही. मी प्रसादाला थांबतो, सगळ्यांशी बोलतो, मग जातो."

"आणि ही वायर तू कापलीस?"

"नाही."

इतकंच. ना शपथ, ना रडगाणं. ताईंनी त्याचं मल्टिटूल उघडून बघितलं, कात्री बोटावर फिरवली आणि परत दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

श्रीनिवास यांना आम्ही सोसायटीत जाऊन भेटलो. घंटेच्या पेटीवर बोट ठेवून ते म्हणाले की त्यांना काहीच माहीत नाही, दसऱ्याला त्यांच्याकडे सुनेच्या माहेरची माणसं जेवायला होती, मान वर करायला फुरसत नव्हती. वॉचमन गेनबा कुठे आहे? लोणी काळभोरला, गावी. कधी गेला? दसऱ्याला दुपारी, पाळी संपल्यावर. कधी येणार? त्यावर ते म्हणाले की त्याला आठवड्याची सुट्टी दिली आहे. आठवड्याची सुट्टी, वॉचमनला, आणि तीही श्रीनिवास यांनी! ज्या माणसाने दिवाळीला त्याला अर्धा दिवस दिला नव्हता.

ताईंनी तिथूनच गेनबाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"माझ्या पाळीत काय बी झालं न्हाई बाई," तो म्हणाला. "म्हंजी, जे झालं ते सायबांनी मिटवलं. मला म्हनले, आता घरी जा, पोराबाळांत सन कर."

"कुठले साहेब, गेनबा?"

पलीकडे कोंबड्यांची कलकल ऐकू आली. मग फोन बंद झाला.

४

परत येताना रिक्षात मी ताईंना माझा हिशेब सांगितला. साहेब म्हणजे श्रीनिवास. त्यांनीच काहीतरी केलं आणि वॉचमनला गावाला पाठवलं. पण श्रीनिवास यांच्याकडे तर मल्टिटूल नाही. घरातली कात्री असेल? पण मग पेटीचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरशिवाय कसं उघडलं? की चेतननेच आधी कापली आणि गेनबाचं प्रकरण वेगळंच आहे? मी बोलत गेले आणि माझंच मला समजेना. ताई खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी पिशवीतले वायरचे तुकडे बशीत काढले. कापलेल्या टोकाला लालसर डाग होता. संतोषने तो पाहिला होता, श्रीनिवास यांनीही. सगळ्यांचं एकमत झालं होतं की गेनबा पान खातो आणि त्याच्या खोलीत कशावर काय उडालेलं असेल सांगता येत नाही.

"पेटीचं झाकण बंद होतं ना?" ताई म्हणाल्या. "पान झाकणातून आत थुंकता येतं का?"

त्यांनी कापसाचा ओला बोळा टोकावरून फिरवला. बोळ्यावर आधी लाल आलं आणि त्याच्या कडेने पिवळं. मग त्यांनी मला साबण मागितला. पिवळ्यावर साबणाचा फेस लागला आणि तिथेही लाल उमटलं. ह्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर मी हे पाहिलेलं आहे. हळद.

हे तेवढ्यात खालून वर आले. बशीकडे पाहून म्हणाले, "सोसायटीत लिफ्टचीही पूजा करतात. बटणांना कुंकू फासतात. तिथून लागलं असेल."

"लिफ्टमधलं कुंकू वॉचमनच्या खोलीत, बंद पेटीत, आणि बरोबर कापलेल्या जागी?" ताईंनी विचारलं. "बाकी वायर स्वच्छ आहे, गोपाळ. हे कापणाऱ्या पात्याबरोबर आलंय."

हे आले तसे खाली गेले.

मला एकदम सुटल्यासारखं झालं. कापणाऱ्या कात्रीला हळद-कुंकू होतं. चेतनच्या कात्रीला ते कधी लागलंच नव्हतं. मल्टिटूलं जूनमध्ये आणलेली, म्हणजे मागच्या वर्षीचंही नाही. जे पूजेबाहेर होतं म्हणून चेतनवर बोट रोखलं गेलं, त्यानेच त्याला सोडवलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच त्याला फोन करायला निघाले.

ताईंनी माझा हात धरला. "थांब. अजून पुढे जा. म्हणजे कुठल्या कात्रीने कापली?"

पूजेतल्या. म्हणजे सलोनीच्या.

"कधी?"

पूजेनंतर. आणि दसऱ्याच्या संध्याकाळआधी, कारण तेव्हा घंटा बंद होतीच.

"आणि त्या वेळी ती कुठे होती?"

खाली ऑफिसात. टेबलावर. कुलपात.

"आनंदी," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "ऑफिसची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

५

दोघांकडे. माझ्याकडे आणि ह्यांच्याकडे.

दसऱ्याला सकाळी मी श्रीखंड-पुरीच्या धबडग्यात होते, ऑफिसचं दार उघडलंही नव्हतं. हे सोनं द्यायला म्हणून सदाशिव पेठेत काकांकडे गेले होते. मला वाटलं की ताईंचं काहीतरी चुकतंय. मी तसं म्हटलंही. चुकत असेल, त्या म्हणाल्या, पण मला एक सांग. वायर कापायला निघालेला माणूस टेबलावर पक्कडवाली दोन मोठी मल्टिटूलं असताना बारीक कात्रीचं लहान का उचलेल?

मी म्हटलं, मला नाही माहीत.

"कारण मोठं पट्ट्यावर बसतं. त्या माणसाला पट्टा नव्हता. गोपाळने दसऱ्याला काय घातलं होतं?"

झब्बा आणि चुडीदार. मीच इस्त्री केली होती.

मी धरून बसले की हा पुरावा नव्हे. झब्बा तर निम्म्या पुण्याने घातला होता. तेव्हा ताईंनी मला फोनवरचं माझंच बोलणं परत ऐकवलं. चार महिने ज्याला ठरवता आलं नाही त्याने एका सकाळी ठरवलं, आणि कारण काय दिलं? लहानाची कात्री वायरीत अडकते. ह्यांच्याकडे मोठं होतं. लहान ह्यांनी कधी कामाला वापरलंच नव्हतं. मग ती अडकते हे ह्यांना कुठल्या वायरीने शिकवलं?

मी खाली गेले. ताई मागोमाग आल्या.

ऑफिसात संतोष, सलोनी आणि चेतन तिघेही होते. ताईंनी पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडलं, कात्री, हळद, कुलूप, आणि किल्लीपाशी येऊन थांबल्या. सलोनी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला वाटतंय हे मी केलं.

"मी ऑफिस उघडलं नव्हतं," मी म्हटलं. "अहो, तुम्ही उघडलंत का?"

हे टेबलाची कड बोटाने घासत राहिले. मग बोलू लागले ते टेबलाशीच. सकाळी श्रीनिवास यांचा फोन आला होता. लोकांनी लिफ्टच्या बटणांना हळद-कुंकू थापलं होतं, त्याने घंटेचं बटण आत रुतून बसलं आणि वॉचमनच्या खोलीत घंटा थांबेचना. श्रीनिवास यांच्याकडे व्याही जेवायला यायचे होते, ही कटकट आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणाले. तिघेही तंत्रज्ञ सुट्टीवर, ह्यांची अवजारं पूजेत. जाता जाता दोन मिनिटांचं काम, म्हणून खिशात मावेल ते उचललं. वायर कापली. उद्या चेतनला पाठवून नीट करून घेऊ असं ठरवलं. परत येऊन लहान मल्टिटूल होतं तसं फुलांत ठेवून दिलं.

"पूजेतलं हत्यार वापरलं म्हणून मला त्याचंच वाईट वाटत होतं," हे म्हणाले. "लिफ्टचा विचारच डोक्यात आला नाही. संध्याकाळी कळलं तेव्हा श्रीनिवास म्हणाले की गेनबा दुपारीच गावाला गेलाय, त्याला आठवडाभर तिथेच राहू देतो, तुम्ही गप्प राहा, प्रकरण थंड होईल. मी म्हटलं, बघू."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या बघूवर मी हसत आले. त्या वेळी मात्र मला ह्यांची इतकी लाज वाटली की मी संतोषच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

चेतन पुढे आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"साहेब, श्रीनिवास साहेबांनी माझं नाव घेतलं तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात ना?"

"हो."

"मग पोलीस पडताळणीचं मी तुम्हालाच पहिलं सांगितलं होतं. तेही आठवत होतं?"

ह्यांनी मान डोलावली. मग म्हणाले की चेतन, मी करतो काहीतरी, सोमवारला अजून वेळ आहे, आधी वकिलांशी बोलू, प्रियदर्शनीबाईंना कसं सांगायचं ते जरा बघू.

मी टेबलावरचा फोन उचलला आणि प्रियदर्शनीचा नंबर लावला. ताईंनी मला अडवलं नाही. पलीकडून तिने "बोला" म्हटल्यावर मी फोन ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी तो धरला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. कोणीच मदतीला गेलं नाही.

"मी गोपाळकृष्ण आगाशे बोलतोय," हे म्हणाले. "ती वायर मी कापली. माझ्या हाताने. चेतनचा काही संबंध नाही. तक्रार माझ्या नावाने करा." पलीकडे काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. हे नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "हो. मी आत्ता येतो. जिन्याने येतो. आईंना मीच सांगतो."

चेतन सगळं संपेपर्यंत दाराशी थांबला होता. फोन खाली ठेवला गेला तसं त्याने हेल्मेट उचललं. संतोष त्याच्यासाठी वाटेतून बाजूला झाला. उद्या येतो असं चेतन रोज जाताना म्हणतो. त्या दिवशी म्हणाला नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.